रवळनाथाच्या बावीवरची बेडकी

बेडकी सकाळी रुसते आणि दुपारी हसते, असं कालवी जुव्यावरचे लोक म्हणायला लागले होते. शलाका धुरीला मात्र त्यात हसण्यासारखं काही सापडत नव्हतं. सकाळी मशीनचा काटा खाली, नळाचं पाणी मचूळ. दुपारी काटा वर, पाणी गोड. दसरा झाल्यापासून हेच चाललं होतं. आणि दसऱ्यापासूनच तिच्या बाबांचे पाय सुजायला लागले होते.

दिगंबर धुरी म्हणजे जुव्याचे गावकर. खाडीच्या तोंडाशी असलेल्या त्या टिकलीएवढ्या बेटावर रवळनाथाचं देऊळ, आणि त्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान धुऱ्यांच्या घराचा. देवासमोर पाण्याचा तांब्या हातात धरून उभं राहायचं, उभ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलायचं, आणि प्रत्येक मागणीला गावानं मागून 'व्हय म्हाराजा!' म्हणायचं. दिगंबरांचा आवाज असा की पलीकडच्या काठावर तरीची वाट बघत बसलेला माणूससुद्धा तिथूनच 'व्हय म्हाराजा' म्हणून मोकळा व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टर म्हणाले, मीठ बंद. आता जुव्यावर मीठ बंद करायचं कसं? समुद्र वर्षागणिक चढत खाडीत शिरलेला, एकेक बाव, म्हणजे विहीर, खारी झालेली. घोटभर चहा घेतला तरी जिभेला मीठ लागायचं. निम्मं गाव त्यापायी पलीकडे राहायला गेलं होतं.

शलाकानं त्यांना पुण्याला नेऊन पाहिलं. सातवा मजला, दोन खोल्या, खाली बाग. बाबा लिफ्टमध्ये भेटेल त्याला नमस्कार करत आणि लोक मोबाइलमधून मान वर करून बघत. श्रावण संपेस्तोवर हा दणदणीत माणूस बोलायचाच थांबला. एकदा जेवताना एवढंच म्हणाले, "हय कोणाक माझी गरज नाय गो, चेडवा." शलाका रडली आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली. बाबा खाऱ्या पाण्यापासून दूर राहू शकत नसतील, तर खारं पाणी बाबांपासून दूर ठेवायचं. तिच्या हातात ते होतं, कारण ती ज्या कंपनीत होती तिथे नेमकं तेच चाललेलं.

त्या कामाचा पाया म्हणजे बेडकाचं कातडं. बेडूक गोड्या पाण्यात राहतो. त्या पाण्यात मीठ नावाला असतं, पण बेडकाला जगायला ते लागतंच. मग तो काय करतो, तर कातड्यानं मीठ ओढून घेतो. कातड्याच्या बाहेरच्या अंगाला अतिसूक्ष्म दारं असतात. मिठातलं सोडियम तेवढं त्यातून आत येतं. आतल्या अंगाला पंप असतात, ते आलेलं सोडियम पुढे शरीरात ढकलतात. बाहेर दार, आत पंप, आणि वाहतूक एकाच दिशेनं. सोडियमच्या कणावर विजेचा भार असतो, त्यामुळे जेवढं सोडियम सरकेल तेवढा करंट मीटरवर दिसतो. शंभर वर्षं प्रयोगशाळांतून लोक बेडकाच्या कातड्याची चकती दोन पेल्यांच्या मध्ये पकडून हाच करंट मोजत आले.

आता बेडूक मारायची गरज उरली नव्हती. कातड्याच्या पेशी जाळीवर वाढवून त्यांचे पडदे तयार होत. पडद्याच्या बाहेरच्या अंगाला मचूळ पाणी सोडायचं. पडदा त्यातलं सोडियम ओढून पलीकडे टाकतो, मिठाचा दुसरा भाग त्याच्यामागोमाग जातो, आणि अलीकडे उरतं ते गोड पाणी. शलाकानं कंपनीच्या मागे लागून चाचणीचं एक मशीन जुव्यासाठी मिळवलं, स्वतः सहा महिन्यांची मोकळीक घेतली आणि गावानं दिलेल्या जागेत, देवळाच्या बावीजवळच्या पडवीत, ते उभं केलं. मशीनचं कागदोपत्री नाव भलतंच लांबलचक होतं. पंपावर काम करणाऱ्या येसो मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी त्याची बेडकी करून टाकली.

"जिवंत आसा ता?" बाबांनी तेव्हा विचारलं होतं.

"पडदो जिवंत आसा. पेशी आसत त्येच्यात."

"आणि करता काय?"

"पाण्यातला मीठ काढता."

"मगे माझी गोळी?"

शलाका तेव्हा नळाचा सांधा घट्ट करत होती. तोंडात पाना, हात ग्रीसनं माखलेले. "ती पण मीठच काढता, बाबा. तुमच्या अंगातला," ती म्हणाली आणि पुन्हा सांध्याकडे वळली.

बाबांनी मान डोलावली. जिवंत आहे म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून रवळनाथाची पूजा झाली की एक फूल देवाला आणि एक बेडकीला, असा त्यांचा नेम सुरू झाला. पडवीत बावीचं पाणी आधी एका मोठ्या पिंपात यायचं आणि तिथून पडद्याकडे. बाबा पिंपाचं झाकण उचलून फूल आत सोडत, हात जोडत. फूल गाळणीत अडकायचं आणि शलाका ते काढून तुळशीत ठेवायची. नास्तिक नव्हती ती, पण आस्तिक म्हणावं इतकीही नव्हती. बाबांना बरं वाटतंय ना, मग फूल तर फूल.

चार महिने सगळं सुरळीत चाललं. बाबांचा चेहरा उजळला. दसऱ्याला त्यांनी गाऱ्हाणं घातलं तेही जोरात. फक्त शेवटाला हातातून तांब्या सुटला आणि सगळं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं. "बाबांनी सोन्यासोबत आंघोळ पण लुटली," असं शलाका गमतीनं म्हणाली आणि बायका हसल्या. बाबा हसले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांतच बेडकी रुसायला लागली.

शलाकानं तिला दिसलं ते असं मांडलं. मशीन बिघडलंय, म्हणून सकाळचं पाणी खारट येतंय, बाबा तेच पितायत, म्हणून अंगात मीठ साठतंय आणि पाय सुजतायत. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. वहाणा पायात जाईनाशा झाल्या. दोन पायऱ्या चढले की बाबा खांबाला टेकत. ती फोनवर डॉक्टर केळुसकरांशी बोलली.

"गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, सकाळी पूजेआधी घेतात. मीच हातावर ठेवते."

"मग पाणीच कारण असणार. जत्रेपर्यंत बघू, शलाकाताई. सूज उतरली नाही तर मात्र तुम्ही त्यांना पुण्याला न्या. ह्या हृदयाला एवढं पाणी वाहायला लावणं बरं नाही."

शलाकानं फोन ठेवला. बाबांना पुण्याला नेलं तर ते जगतील आणि गप्प बसतील. नाही नेलं तर काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं. मशीन दुरुस्त झालं तरच तिसरा रस्ता उघडत होता, आणि जत्रा तोंडावर आलेली.

तिनं पडदे बदलले. फरक पडला नाही. वायरिंग तपासलं, येसोकाकांकडून पंप उघडून घेतला. "बेडकीक सकाळी सर्दी होता," येसोकाका म्हणाले. "आल्याचो काढो दी तिका." शलाकाला हसू आलं नाही. तिनं पिंपाचं झाकण काढलं आणि रोज न बघताच काढून ठेवायची ते गाळणीतलं फूल पहिल्यांदाच नीट पाहिलं. कण्हेर! देवळामागची कण्हेर दसऱ्यापासून बहरलेली होती.

कण्हेरीत विष असतं, हे कोकणातल्या शेरडांनाही ठाऊक. पण शलाकाला त्यापुढचंही माहीत होतं. कण्हेरीतलं विष नेमकं सोडियमच्या पंपावर बसतं.

ती तडक घरी गेली. "बाबा, तुमी पिंपात कण्हेर टाकतात? गाव ता पाणी पिता!"

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांचा चेहरा पडला. "देवाक चलता ता बेडकीक नाय चलणा, माका काय म्हायत?" ते म्हणाले. "उद्यापासून जास्वंद घालतंय."

दुसऱ्या दिवसापासून जास्वंद आली. बेडकी रुसायची थांबली नाही.

मग मात्र शलाकानं पडवीच्या कोपऱ्यात टेबल मांडलं आणि जुन्या पद्धतीनं कामाला बसली. दोन पेले, मध्ये पडद्याची रुपयाएवढी चकती, दोन तारा, एक मीटर. कॉलेजात तिला शिकवणाऱ्या बाईंचं एक वाक्य होतं, कातडं खोटं बोलत नाही, फक्त तुम्ही कुठल्या बाजूनं विचारताय ते बघा.

आधी तिनं कण्हेरीचा अर्क बाहेरच्या अंगाला घातला. काटा जागचा हलला नाही. तोच अर्क आतल्या अंगाला, पंपाच्या बाजूला घातला, तसा काटा हळूहळू उतरत गेला आणि पाण्यानं धुतलं तरी वर आला नाही. मग तिनं पिंपातलं सकाळचं पाणी घेतलं. आतल्या अंगाला घातलं, तर काही नाही. बाहेरच्या अंगाला घातलं आणि काटा धप्पकन खाली! स्वच्छ पाण्यानं धुतलं की पुन्हा वर.

म्हणजे कण्हेर निर्दोष. जे काही पिंपात येत होतं ते पंपाला हात लावत नव्हतं. ते बाहेरून येऊन दारात बसत होतं आणि धुतलं की उठून जात होतं. पिंपात दुपारपर्यंत नवं पाणी भरलं की बेडकी का हसते, तेही उलगडलं.

अशी वागणूक शलाकाला तोंडपाठ होती. प्रत्येक नवा पडदा कंपनीतून निघताना अमिलोराइड नावाच्या औषधानं तपासत. हे औषध सोडियमच्या दाराला बूच बसवतं, तेही बाहेरूनच. करंट पडला तर पडदा चांगला. तिच्या पेटीत त्याची बाटली होतीच. तिनं थेंब घातला. काटा तसाच पडला, धुतल्यावर तसाच उठला.

अमिलोराइड हे माणसांचंही औषध. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांत ते असतं. तिनं बाबांच्या गोळ्यांचं पाकीट आणून वाचलं. गोळी एक, औषधं दोन. एक फ्युरोसेमाइड, जोरकस, भरपूर लघवी करवणारं. दुसरं अमिलोराइड, मऊ, पहिल्यामुळे शरीरातलं पोटॅशियम वाहून जाऊ नये म्हणून जोडीला दिलेलं. गावातल्या एका म्हाताऱ्याकडून नुसत्या पहिल्याची गोळी आणून, ती विरघळवून तिनं थेंब पडद्याला लावून पाहिला. पडद्यानं त्याची दखलही घेतली नाही, कारण ते औषध मूत्रपिंडातल्या वेगळ्याच रस्त्यावर काम करतं आणि हा पडदा सगळा ह्या दारावरच चालणारा. जोरकस औषध पडद्याला काही करत नव्हतं आणि मऊ औषध त्याचा गळा धरत होतं.

पण हे पिंपात आलं कुठून? गावाला गोळ्या वाटणाऱ्या चंदाताई म्हणजे आरोग्यसेविका. शलाकानं त्यांना गाठलं.

"ही गोळी जुव्यार एकट्या गावकरांकच," चंदाताई म्हणाल्या. "बाकीचे म्हातारे दुसरी घेतत. कित्याक गो?"

शलाकाच्या डोक्यात लगेच पुढचं चित्र तयार झालं. हे औषध शरीरात मोडत नाही, बरंचसं जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. घर देवळाच्या वरच्या अंगाला आहे. शोषखड्डा पावसात फुटला असेल आणि झिरपत झिरपत बावीत जात असेल. शी! तिनं आधी नळ बंद केला, मग बाबांना गाठलं.

"बाबा, ह्या बाटलीत लघवी करून द्या."

"कित्याक?"

"तपासूची आसा. बावीत जाता काय ता बघूचा आसा."

बाबा ताडकन उठले. सुजलेल्या पायांवर कसे उठले देव जाणे. "रवळनाथाच्या बावीत मी मुतान? शलाका, जीभ आवर!"

"तुमी नाय हो! शोषखड्ड्यातना झिरपता काय ता बघतंय."

पुष्कळ समजूत घातल्यावर बाटली मिळाली. शलाकानं ती पातळ केली, चकतीच्या बाहेरच्या अंगाला घातली आणि काटा पडायची वाट बघत बसली.

काटा पडला नाही.

तिनं चकती बदलून पुन्हा केलं. काटा तसाच वर. चकतीच बिघडली असेल म्हणून बाटलीतल्या औषधाचा थेंब घातला, तसा झटकन खाली. चकती ठणठणीत होती. बाहेर येसोकाका कुणाला तरी जत्रेच्या मांडवाचे वासे कसे बांधायचे ते ओरडून सांगत होते. तिला ते ऐकू येत होतं आणि नव्हतंही.

औषध पिंपात होतं. बाबांमध्ये नव्हतं.

तिनं इतके दिवस मांडलेली साखळी चुकीची होती. खारट पाण्यानं पाय सुजले नव्हते. सकाळच्या पाण्यातलं मीठ जेवढं होतं तेवढ्यानं असे पाय सुजतही नसतात, हे तिला आधीच सुचायला हवं होतं. बेडकी आणि बाबा एकाच गोष्टीनं आजारी होते.

दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी ती पडवीत पिंपाला टेकून उभी राहिली. बाबा आले. एका हातात ताम्हन आणि जास्वंद, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"बाबा, मूठ उघडा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग मूठ उघडली. तळहातावर गोळी होती. तिनंच मघाशी दिलेली.

"कधीपासून?" तिचा आवाज चढला. "कधीपासून चाललाहा ह्या? मराल तुमी, बाबा! माका कळता काय होता तुमच्या अंगात. मी हय रात्रंदिवस मशीन उघडून बसलंय, आणि तुमी..." राग होता, भीती त्याहून जास्त होती.

बाबा पिंपाखालच्या कट्ट्यावर बसले. "दसऱ्यापासून," ते म्हणाले. "तो तांब्यो सुटलो नव्हतो, चेडवा."

"म्हणजे?"

"मी सोडलंय तो." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "ही गोळी घेतली की घटकेघटकेक जावचा लागता. आणि गाऱ्हाण्यात मधीच उठता नये. माझो बापूस तापान फणफणलेलो, तरी उठूक नाय. दसऱ्याक मी उभो. अर्धा गाऱ्हाणा झाला आणि माझ्यान रवला नाय. धोतर भिजला. लोकांका कळता नये म्हणान हातातलो तांब्यो वरसून ओतून घेतलंय. तू हसलंस. सगळे हसले. बरा झाला, कोणाक कळाक नाय."

शलाकाला तो दसरा आठवला. आंघोळीची ती गंमत तिनंच केली होती. ती खाली त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात धरला.

"मगे गोळी टाकूची होतास खयतरी. पिंपात कित्याक?"

"औषध केरात टाकूचा? पायदळी येयत ना ता," बाबा म्हणाले, जणू इतकी साधी गोष्ट हिला कळू नये. "आणि तूच म्हणालंस ना, गोळी पण मीठ काढता, बेडकी पण मीठ काढता. म्हटलं, माझी गोळी बेडकेक घालूया. ती दोघांचा काम करीत. पाणी आनिक गोड होयत, मगे माका गोळयेची गरजच नाय पडूची. हिशोब चुकलो काय माझो?"

शलाकाला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

मग तिनं त्यांना नीट सांगितलं. मशीन बसवताना तोंडात पाना धरून सांगितलं होतं तसं नाही, शेजारी बसून. "बाबा, बेडकीच्या कातड्यात जी दारा आसत, तशीच दारा तुमच्या मूत्रपिंडात पण आसत. तय लघवी तयार होता. त्या लघवीतला मीठ ह्या दारातना परत अंगात येता. गोळी काय करता, दार बंद करता. मीठ अंगात परत येवक शकत नाय, लघवीतना भायर जाता. म्हणान सूज उतारता. आता बेडकीचा बघा. तिका पाण्यातला मीठ ओढूचा आसा, ता त्याच दारातना. तय गोळी गेली..."

"...की दार बंद," बाबा म्हणाले. "मीठ पाण्यातच."

"व्हय."

बाबांनी पिंपावर हात ठेवला. "म्हणजे मी बेडकीचा दार लावून ठेवलंय आणि माझा सताड उघडा सोडलंय," ते म्हणाले. "आणि गावाक माझी गोळी पाजलंय ती येगळीच!"

"सगळा पिंप एकट्यान पिल्यान तर एक गोळी पोटात जायत, बाबा. कोणाक काय होणा नाय. पण तुमका होता."

बाबांनी तळहातावरची गोळी तोंडात टाकली आणि तांब्यातल्या घोटाबरोबर गिळली. डॉक्टरांना शलाकानं त्याच सकाळी सगळं कळवलं. ते म्हणाले, रोज फोनवर वजन सांगा, आणि तपासणीला एकदा तरीनं आणा. बेडकीचा काटा दुसऱ्या सकाळी वर होता आणि वरच राहिला. बाबांची सूज हळूहळू उतरली. वहाणा पायात जायला लागल्या. खांबाला न टेकता ते देवळाच्या पायऱ्या चढले, तेव्हा येसोकाका म्हणाले, "गावकर, तुमका पण नवो पडदो बसवल्यान काय चेडवान?"

एवढं झाल्यावर सगळं ठीक व्हायला हवं होतं. पण एका संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "जत्रेचा गाऱ्हाणा यंदा येसो घालात. मान घराचो, पण तेका सांगितलंय मी."

तसाच आवाज होता, पुण्यातल्या जेवणाच्या टेबलावरचा. हय कोणाक माझी गरज नाय. पाणी गोड झालं, गोळी पोटात गेली, पाय उतरले, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तेच बाबा सोडून द्यायला निघाले होते.

"गोळी त्या दिवशी गाऱ्हाण्यानंतर घ्या. डॉक्टर म्हणतत, चलता."

"आणि पालखी लांबली तर? देव घड्याळ बघून येयत नाय." त्यांनी ताट बाजूला सारलं. "तांब्यो किती वेळा सोडूचो, शलाका?"

बेडकीला दोन पेल्यांमध्ये पकडून विचारता येत होतं. बापाला नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. पलीकडे राहायला गेलेली माणसं होड्या भरभरून परत आली. केळी-नारळांचे ढीग लागले, खाजाची दुकानं मांडली गेली, देवळासमोर पाय ठेवायला जागा उरली नाही. सकाळी शलाकानं गोळी बाबांसमोर ठेवली. बाबांनी ती उचलली, नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि गिळली.

"येसोचो आवाज बसलोहा," ते कोरडेपणानं म्हणाले. "मांडवाचे वासे बांधताना बोंबलत होतो ना चार दिवस. गाऱ्हाणा माकाच घालूचा लागतला."

"मगे गोळी आताच कित्याक घेतलात?"

"घेतलंय," बाबा म्हणाले आणि उपरणं खांद्यावर टाकून निघाले.

पालखी लांबली. उन्हं डोक्यावर आली तेव्हा कुठे बाबा तांब्या हातात घेऊन देवासमोर उभे राहिले. शलाका बायकांमध्ये खांबाजवळ उभी होती.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी सगळी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत. खाडीपल्याडची, मुंबयची, पुण्याची, सगळी! त्येंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं.

"समुद्र चढता आसा, तेका तुझ्या पायरेच्या खाली ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बेडकेन आमका गोड पाणी दिल्यान. तिची राखण कर, तिच्या दारात कोणाक बसाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक ओरडले, काय मागितलं ते पुरतं न कळताच. शलाकाला मात्र हुंदका आला.

आणि बाबा थांबले.

पुढची मागणी येईना. लोक वाट बघत होते. शलाकानं बाबांचे गुडघे जवळ आलेले पाहिले. मानेची शीर ताणलेली पाहिली. तांब्याभोवतीची बोटं सैल होत होती. तिला पुढचं कळलं, ह्या सगळ्या गर्दीत एकटीलाच कळलं. तांब्या आता सुटेल, धोतर भिजेल, लोक हसतील, आणि बाबा पुन्हा कधी इथे उभे राहणार नाहीत. ती एक पाऊल पुढे सरकली.

बाबांची बोटं पुन्हा आवळली. ते वाकले आणि तांब्या, थेंबही न सांडता, उंबऱ्यावर ठेवला. मग ताठ उभे राहून, पलीकडच्या काठापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले,

"बा देवा म्हाराजा! तुझो हो गावकर आता म्हातारो झालो. तेका मुताची गोळी चालू आसा. तेका जरा भायर जावन येवचा आसा. तवसर ह्या लेकरांका हयसरच उभी ठेव रे म्हाराजा!"

अशी मागणी ह्या देवाकडे कुणी केली नव्हती. एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यात लोकांचा श्वासभर वेळ गेला. बायकांच्या बाजूनं कुणी साद द्यायची रीत नव्हती, पण शलाकाला तेव्हा रीत आठवली नाही. ती छातीतून ओरडली, "व्हय म्हाराजा!"

आणि मागून सगळा जुवा गरजला, "व्हय म्हाराजा!"

बाबा पायऱ्या उतरले. गर्दीनं वाट दिली. चार पावलं गेले असतील नसतील, तोच मागून येसोकाकांचा बसका आवाज आला, "गावकरांनू, थांबा! मी पण येतंय!" आणि त्यांच्यामागून आणखी तीन म्हातारे उपरणी सावरत निघाले, इतकी वर्षं ह्याच बोलावण्याची वाट बघत बसल्यासारखे. लोक हसले. ह्या वेळी बाबाही हसत होते, हे शलाकाला त्यांच्या पाठीवरूनही कळलं.

गाव जागचं हललं नाही. पोरंसुद्धा उभी राहिली. थोड्या वेळानं म्हातारे परत आले. बाबांनी बेडकीच्या नळाखाली हातपाय धुतले, चूळ भरली, पायऱ्या चढून उंबऱ्यावरचा तांब्या उचलला आणि जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू केलं.

"आणि, बा देवा म्हाराजा..."